ही चूक टांकसाळीचीच का?

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या जुन्या घरात नाण्यांचा डबा निघाला, तर त्यात बहुधा दोन राज्यांचा पैसा एकमेकांत मिसळलेला असतो. चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा हाली रुपया, त्याला लागूनच राणी व्हिक्टोरियाचा किंवा पंचम जॉर्जचा कलदार, तळाशी शिवराई, भोकाचा पैसा, आणे आणि नवे पैसे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब चाले. निजामाची गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली आणि नांदेड मनमाडशी व सिकंदराबादशी जोडलं गेलं. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ १९११ मध्ये लातूरला आला. लातूरच्या अडतीवरचा माल बार्शी-सोलापूरकडे, म्हणजे इंग्रजी मुलखात जायचा आणि त्याच्या बदल्यात कलदार यायचा. दोन्ही नाणी ओळखणं, त्यांचा वटाव काढणं हे इथल्या दुकानदाराला आणि शेतकऱ्याला रोजचंच होतं. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हाली नाणं लगेच गेलं नाही, ते १९५९ पर्यंत चालत राहिलं.

आता असा डबा उघडला की घरातली तरुण मुलं पहिला प्रश्न विचारतात : यात एखादं एरर कॉइन आहे का? मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ त्यामागे असतात. अमुक नाण्यावर चूक असेल तर लाखो रुपये मिळतात, हे त्यांनी ऐकलेलं असतं. मग भिंगाखाली एकेक नाणं जातं आणि चुका दिसायला लागतात. अक्षर अर्धवट आहे, कड तुटलेली आहे, चित्र दुहेरी दिसतंय, मधलं काहीतरी पुसलं गेलंय. या सगळ्या खुणा खऱ्याच असतात. फक्त त्यांतल्या बहुतेक टांकसाळीत घडलेल्या नसतात. नाणं टांकसाळीतून बाहेर पडल्यावर साठ-सत्तर वर्षं ज्या हातांतून, देव्हाऱ्यांतून, सराफांच्या पेढ्यांवरून आणि काळ्या मातीतून फिरलं, तिथे त्या उमटलेल्या असतात. कोणती खूण टांकसाळीची आणि कोणती आपल्या मुलखाची, हे ओळखायला शिकवणं एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. दुसऱ्या प्रकारच्या खुणांना मी कमी लेखत नाही. त्यांना बाजारात भाव नाही हे खरं, पण मराठवाड्याचा इतिहास शोधणाऱ्याला त्या पहिल्या प्रकारच्या खुणांइतक्याच मोलाच्या आहेत.

सुरुवातीलाच एक सीमारेषा आखून घेऊ. धातूच्या पत्र्यातून चकती कापली जाते तिथपासून तयार नाणं थैलीत पडतं तिथपर्यंत, यंत्राच्या किंवा माणसाच्या हातून जे ठरल्याबाहेर घडतं, ती टांकसाळीची चूक. टांकसाळीने जे ठरवून केलं ते कितीही विचित्र दिसलं तरी या व्याख्येत बसत नाही. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. राजाच्या वस्त्रावरच्या साखळीत हत्ती कोरला होता आणि त्याची सोंड इतकी आखूड निघाली, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने उरलेली नाणी वितळवली आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड दिली. संग्राहक या रुपयाला ‘पिग रुपी’ म्हणतात आणि तो मिळाला की हरखतात. पण तो नक्षीकाराचा दोष आहे. टांकसाळीने तिला मिळालेला साचा चोख वठवला होता.

दुसरी गल्लत प्रकार आणि चूक यांच्यात होते. चारमिनारच्या रुपयावर मधल्या कमानीत एक अक्षर असतं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर ‘मीम’, सातवे मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ‘ऐन’. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन आखूड, अर्धवट वाटावा असा आहे आणि पुढच्या नाण्यांवर पूर्ण. आखूड ऐनाचं नाणं हातात आलं की ‘अक्षर तुटलंय’ असं म्हणून ते एरर म्हणून विकलं जातं. प्रत्यक्षात साचाच तसा कोरला होता आणि त्या साच्याची सगळी नाणी तशीच आहेत. नाणेशास्त्रात याला प्रकार म्हणतात. प्रकार गोळा करावेत, अभ्यासावेत, त्यांची किंमतही असते. पण त्याला चूक म्हटलं की पुढचा सगळा तर्क बिघडतो.

तिसरी गोष्ट हाताने पाडलेल्या नाण्यांची. कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांच्या परिसरात, जुन्या पेठांच्या गावांत बहमनी तांब्याची नाणी आणि शिवराया नेहमी दिसतात. या नाण्यांवर लेख कधीच पुरा नसतो. साचा चकतीपेक्षा मोठा असायचा, कारागीर खालच्या साच्यावर चकती ठेवून वरच्या साच्यावर हातोडा मारायचा आणि चकतीवर मावेल तेवढाच लेख उतरायचा. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं किती तऱ्हांनी लिहिलेली सापडतात! वेलांट्या चुकलेल्या, अक्षरं उलटसुलट, ओळी वाकड्या. ठिकठिकाणच्या टांकसाळी, ठिकठिकाणचे साचे कोरणारे आणि त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख जेमतेम. अशा नाण्याला ‘ऑफ सेंटर’ म्हणणं निरर्थक आहे, कारण त्याला मध्यच ठरलेला नव्हता. निजामाचा यंत्रपूर्व काळातला हाली रुपयाही याच जातीचा. त्यावर ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचं नाव अर्धंमुर्धंच वाचायला मिळतं. हस्तमुद्रित नाण्यावरही खरी चूक होऊ शकते, उदाहरणार्थ दोनदा बसलेला ठोका किंवा दोन्ही बाजूंना एकच ठसा. पण तिथे पुराव्याचा भार फार मोठा असतो.

यंत्र आलं आणि प्रत्येक नाणं दुसऱ्यासारखंच असलं पाहिजे, ही अपेक्षा पक्की झाली. चुकीची आजची कल्पना त्या अपेक्षेतूनच जन्मली. हैदराबादची टांकसाळ आधी मोगलपुऱ्यातल्या सुलतानशाहीत होती. १९०३ मध्ये ती सैफाबादला हलली आणि युरोपातून आणलेली यंत्रं तिथे बसली. चारमिनारचं नाणं त्याच सुमाराचं. आपल्या डब्यांतल्या हाली नाण्यांवर बोलायचं तर ही तारीख कायम लक्षात ठेवावी. १९५० मध्ये टांकसाळ भारत सरकारकडे आली, १९९७ मध्ये चर्लापल्लीला नवी वास्तू झाली, आणि सैफाबादच्या जुन्या आवारात २०२२ पासून टांकसाळीचं संग्रहालय आहे. नांदेडहून हैदराबाद एका रात्रीच्या अंतरावर. या विषयात रस असलेल्याने ते एकदा पाहावंच.

हाली नाण्यावरच्या तारखेबद्दल इथे सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागात सर्वांत जास्त ‘चुका’ तारखेत सापडतात. चारमिनारच्या बाजूला हिजरी सन असतो. उलट बाजूला मूल्य, म्हणजे ‘यक रुपया’ वगैरे, आणि जुलूस म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष. उस्मान अली खान गादीवर आले ते २९ ऑगस्ट १९११ ला, हिजरी १३२९ च्या रमजानमध्ये. हिजरी वर्ष मोहरमला बदलतं, जुलूस वर्ष राज्यारोहणाच्या तिथीला. त्यामुळे १३३० या एकाच हिजरी सनात जुलूस १ ही येतं आणि जुलूस २ ही. दोन रुपये समोरासमोर ठेवले, एका बाजूला सन तोच आणि दुसऱ्या बाजूला आकडा वेगळा, की माणूस उडतो. त्याला वाटतं, साच्यांची जोडी चुकली. जोडी बरोबर आहे. जुळत नसलेल्या साच्यांची नाणी जगात घडतात, त्यांना म्यूल म्हणतात आणि ती दुर्मीळ असतात. पण निजामी नाण्यावर तसा दावा करण्याआधी सूचीतले त्या सनाचे सगळे जुलूस आकडे पाहायलाच हवेत.

त्यात आणखी एक गुंता फसलीचा. संस्थानात महसुली कागदांवर फसली सन लिहायची पद्धत होती आणि जमिनीच्या जुन्या कागदांमुळे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना फसली अजूनही ठाऊक आहे. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष, पोलीस कारवाईचं वर्ष. नाण्यावरचा १३५७ हिजरी आहे, म्हणजे १९३८-३९. कागदातली फसली डोक्यात ठेवून नाणं वाचलं तर दहा वर्षांची तफावत पडते आणि ‘पोलीस कारवाईच्या वर्षाचं नाणं’ म्हणून ते नाहक मिरवलं जातं. निजामी नाण्यांवर ९२ हा आकडाही दिसतो. तो सन नाही. अरबी अक्षरांना आकडे देण्याच्या अबजद पद्धतीने मुहम्मद या नावाची बेरीज ९२ होते, म्हणून तो तिथे आहे. आणि झिजलेल्या नाण्यावर फारसी दोन आणि तीन, सात आणि आठ यांची अदलाबदल सहज होते. नाणं उलटं धरलं तर सातचे आठ होतात. निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकलेली माणसं गावात कुणी उरली असतील तर नाणं त्यांच्यापुढे धरावं. भिंगाने होत नाही ते काम त्यांच्या नजरेने होतं.

आता यंत्राकडे. नाणं कसं घडतं हे डोळ्यांपुढे उभं राहिलं, की चूक ओळखण्याचं अर्धं काम झालं. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या कापाव्यात तशा धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. पट्टी पुढे सरकायला उशीर झाला, तर नवी चकती आधीच्या भोकावर थोडी चढते आणि तिच्या कडेला चंद्रकोरीसारखा चावा निघतो. मग चकत्या भट्टीत मऊ करतात, त्यांची कड थोडी उचलून घेतात आणि शेवटी त्या दाबयंत्रात जातात. तिथे खाली एक साचा, वर एक साचा आणि भोवती पोलादी कडं. ठोका बसतो तेव्हा धातू पसरू पाहतो, कडं त्याला अडवतं आणि कडेवरचे दातेही त्याच क्षणी उमटतात. चकती मध्यावर बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकतं आणि उरलेली बाजू कोरी राहते. कडं खाली राहिलं तर नाणं नेहमीपेक्षा पसरट होतं आणि त्याला दाते नसतात. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्या नाण्याचाच ठसा बसतो, आरशातल्यासारखा उलटा आणि आत गेलेला. याला संग्राहक ब्रॉकेज म्हणतात. साचा आपल्या जागी थोडा फिरला तर नाण्याच्या दोन बाजूंची डोकी एका रेषेत येत नाहीत. साच्यात वंगण आणि धातूची भुकटी साठली तर अक्षरं किंवा आकडे भरून जातात आणि नाण्यावर उमटतच नाहीत. साच्याला तडा गेला तर तडा धातूने भरतो आणि नाण्यावर त्याची उंच रेघ येते.

हा शेवटचा मुद्दा मी नवख्या माणसाला सर्वांत आधी सांगतो. नाण्याच्या सपाट भागावर रेघ दिसली तर ती उंच आहे की खोल, हे नखाने नाही, तिरप्या उजेडात भिंगाने पाहावं. उंच रेघेसाठी साच्यात खोलगट जागा असावी लागते, आणि ती साच्याच्याच आयुष्यात झालेली असते. बाहेरच्या जगात नाण्यावर धातू चढवणं अवघड, खरवडून काढणं सोपं. त्यामुळे खोल रेघ बहुधा बाहेरची. या नियमाला अपवाद आहेत. ठोक्याच्या वेळी मध्ये तार किंवा कापडाचा धागा आला तर त्याचीही खोल खूण उमटते. अपवादांना पुस्तकात वेगळं प्रकरण दिलं आहे. पण या एका नियमाने डब्यातली निम्मी भांडणं मिटतात.

चावा निघालेल्या नाण्याचीही अशीच एक खात्रीची कसोटी आहे. चकती मुळातच अपुरी असेल तर कड उचलताना तिथे दाब लागत नाही, आणि त्याच्या बरोब्बर समोरची कडही मग नीट उचलली जात नाही, मवाळ राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कानशीने घासून चावा केला असेल तर समोरची कड ठणठणीत असते आणि चाव्याच्या आत कानशीचे ओरखडे दिसतात. ब्रॉकेजच्या नावाखाली जी नकली नाणी फिरतात, ती दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात आवळून केलेली असतात. त्यांत उलटा ठसा दिसतो, पण मूळ चित्रही त्याखाली चेपलेलं राहतं आणि दुसरी बाजू सपाट पडलेली असते. खऱ्या ब्रॉकेजची दुसरी बाजू टवटवीत असते, कारण तिला तिचा साचा नीट मिळालेला होता.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मात्र टांकसाळीबाहेरच्या खुणांना दिला आहे, आणि तो नांदेड-लातूरच्या वाचकासाठी मुद्दाम तसा दिला आहे.

आपल्याकडचा चांदीचा रुपया सर्वांत जास्त देव्हाऱ्यात राहिला. लक्ष्मीपूजनाला तो धुऊन पाटावर ठेवायचा, त्यावर हळदीकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवाळीला चिंचेने, लिंबाने नाहीतर राखेने घासून पुन्हा लखलखीत करायचा. पिढ्या दोन पिढ्या हे चाललं की नाण्याचा सर्वांत उंच भाग आधी जातो. राणीच्या गालाची, राजाच्या कानाची, चारमिनारच्या मधल्या कमानीची नक्षी पुसट होते. त्या कमानीतला ऐन किंवा मीम दिसेनासा झाला, की ‘बिनअक्षरी चारमिनार’ म्हणून नाणं गाजवलं जातं. साचा भरल्यामुळे अक्षर खरंच उमटलं नसेल, तर आजूबाजूची मनोऱ्यांची बारीक नक्षी शाबूत असायला हवी आणि पृष्ठभागावर टांकसाळीची मूळ झळाळी कुठेतरी उरलेली असायला हवी. सगळंच गुळगुळीत असेल तर ते घासणाऱ्या हातांचं काम आहे. खाचांत कुंकवाचा लालसर थर बसलेला असतो, तो काढू नये. नाणं देव्हाऱ्यातलं आहे याचा तो पुरावा आहे.

दुसरा मोठा वर्ग अंगावर ल्यालेल्या नाण्यांचा. किनवट, मुखेड, कंधार तालुक्यांतल्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या फेटिया-कांचळीवर आरसे आणि कवड्यांबरोबर रुपये आणि पावल्या टाचलेल्या असत. गळ्यात रुपयांची माळ घालायची रीत इतर समाजांतही होती. अशा नाण्याला कडेला कोंडी डाख देऊन जोडलेली असते. पुढे गरजेला माळ मोडली, कोंडी काढली, आणि कडेवर धातूचा एक उंचवटा राहिला. उंच खूण टांकसाळीची असा नियम नुकताच सांगितला, म्हणून हा उंचवटा फसवतो. पण डाखाचा रंग मूळ चांदीपेक्षा वेगळा असतो, तो कडेवर ओघळलेला असतो आणि त्याच्याभोवतीची नक्षी उष्णतेने मऊ पडलेली असते. भोक पाडलेलं नाणं असेल तर भोकाच्या एका बाजूला धातू आत दबलेला आणि दुसऱ्या बाजूला उचललेला दिसतो. टांकसाळीत पाडलेलं भोक, म्हणजे १९४३ ते १९४७ च्या इंग्रजी भोकाच्या पैशाचं किंवा त्याच दशकातल्या निजामाच्या भोकाच्या दोन पैचं, दोन्ही बाजूंनी स्वच्छ असतं आणि नक्षी त्याला धरून मांडलेली असते. त्या पैशात भोक मध्याबाहेर सरकलेलं किंवा मुळीच नसलेलं मिळालं तर ती मात्र खरी चूक, आणि जपून ठेवण्याजोगी.

मग सराफ. नांदेडच्या सराफ्यात असो की लातूरच्या गंजगोलाईत, जुना सराफ रुपया आधी दगडावर वाजवायचा. आवाज बद वाटला तर कडेला छिन्नीचा घाव घालून आतला धातू पाहायचा किंवा लहानसा ठसा मारायचा. हे घाव धारदार आणि सरळ असतात, तर चकती कापतानाचा चावा गोलाईने जातो. आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा असलेली त्या काळातली खोटी नाणीही अशा घावांमुळेच उघडी पडली. आजचा संग्राहक त्यांना ‘चुकीच्या धातूवर छापलेलं नाणं’ समजतो.

रेल्वेरुळावर नाणं ठेवून चपटं करण्याचा खेळ रूळ असलेल्या प्रत्येक गावात पोरांनी खेळलेला आहे. असं नाणं लांबट होतं आणि त्यावरची अक्षरं एकाच दिशेला ताणली जातात. कड्याविना पाडलेलं नाणं सगळीकडे सारखं पसरतं. मातीतल्या नाण्यांचं वेगळं. काळ्या जमिनीत ओल टिकते, तांब्यावर हिरवा गंज चढतो, आणि तो आतून पापुद्रे उचलतो. चकतीचा पत्रा सदोष असल्यामुळे सुटलेला पापुद्रा आणि गंजाने उचललेला पापुद्रा यांत फरक करणं अनुभवी माणसालाही जड जातं. अशा ठिकाणी मी ‘अनिर्णित’ असंच लिहिलं आहे आणि वाचकानेही तसं लिहायला संकोच करू नये.

वजनाशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. कलदार रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा. दोन्ही काट्यावर ठेवले की जवळजवळ अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसतो आणि हाली रुपया ‘हलक्या चकतीवरची चूक’ म्हणून बाजूला काढला जातो. तो फरक संस्थानाने ठरवलेला आहे, आणि चांदीचं प्रमाणही वेगळं आहे : कलदारात सुमारे ९१.७ टक्के, हालीत ८१.८ टक्के. १९४० पासून इंग्रजांनी कलदारातली चांदी निम्म्यावर आणली, तरी वजन तेच ठेवलं. म्हणून सहाव्या जॉर्जचा युद्धकाळातला रुपया रंगाने आणि झिजेने वेगळा दिसतो. तोही दोष नव्हे. झिजलेलं नाणं मानकापेक्षा हलकं असणारच. मानकापेक्षा जड निघालं तर मात्र थांबून पुन्हा पाहावं.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांबद्दल प्रस्तावनेत फार लिहीत नाही. एवढंच ध्यानात असावं, की सनाखालचा तारा हैदराबादचा, चौकट मुंबईची, टिंब नोएडाचं आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. खूण ‘राहून गेलेली’ नाणी म्हणून जी दाखवली जातात ती बहुतेक कोलकात्याची असतात. ‘नया पैसा’ मधला ‘नया’ १९६४ मध्ये सरकारनेच काढला, तोही कुणी विसरला नव्हता. लोहचुंबकाची कसोटी उपयोगी आहे, पण धातू माहीत असेल तरच. १९४७ चा वाघाचा रुपया आणि १९५० चा रुपया निकेलचे आहेत, ते चुंबकाला चिकटतात आणि तरी अस्सल असतात. प्रजासत्ताकाच्या बहुतेक नाण्यांवर दोन्ही बाजूंची डोकी एकाच दिशेला असतात. नाणं वर-खाली दोन बोटांत धरून आडवं फिरवलं की साचा किती फिरला ते कळतं, आणि पंधरा-वीस अंशांचा फरक फारसा दुर्मीळ नाही.

पैशाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा काही संबंध नाही, ती अशा व्यवहारांवर शुल्क घेत नाही आणि तसा अधिकार तिने कुणाला दिलेला नाही. बँकेचं नाव वापरून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागणारा माणूस फसवणूकच करतो आहे. खेड्यातल्या निवृत्त माणसांना, घरी बसलेल्या मुलांना या आमिषाने नाडलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. या पुस्तकात मी एकाही नाण्याची किंमत दिलेली नाही, ती याच कारणाने. शेतात, पडक्या वाड्यात पुरलेली नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

अधिक शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय मुद्रा अभ्यास संस्था आहे, तिथलं ग्रंथालय आणि प्रकाशनं मराठी अभ्यासकाच्या आवाक्यातली आहेत. मराठ्यांच्या टांकसाळींवरचा महेश्वरी आणि विगिन्स यांचा ग्रंथ याच संस्थेने काढला. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे.

पुस्तक हातात घेण्याआधी वाचकाकडे दहापट भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणि व्हर्निअर कॅलिपर असावा. नाणं धुऊ नये, घासू नये. कडेने धरावं. प्रत्येक नाण्याची वेगळी चिठ्ठी करावी : वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे सन, कुठली खूण उंच आणि कुठली खोल. आणि ते कोणत्या गावच्या, कोणत्या घरातल्या डब्यातून आलं, कोणत्या नाण्यांबरोबर होतं, घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल काय सांगितलं, हे त्याच चिठ्ठीवर लिहावं. जिल्ह्याचं नाव लिहिताना एक काळजी घ्यावी. १६ ऑगस्ट १९८२ च्या आधीच्या कागदांत लातूर, औसा ही गावं उस्मानाबाद जिल्ह्यात दिसतील, म्हणून जुन्या नोंदीशी मेळ घालताना गावाबरोबर तालुकाही द्यावा.